आधी काय उतरवता ते सांगा

नोकरीच्या पहिल्या दिवशी सोळुंके ताईंनी माझ्याशी बोलण्याआधी माझ्या बॅगेचं वजन केलं. मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. पुण्याहून आलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, बॅटरीचा तज्ज्ञ म्हणून नेमलेला. त्यांनी खणातून एक पितळी ताणकाटा काढला, माझ्या बॅगेचा पट्टा त्याच्या आकड्यात अडकवला आणि हात उंच करून बॅग उचलली. काटा स्थिर होईपर्यंत त्या श्वास रोखून थांबल्या. मग मान हलवत म्हणाल्या, "एवढं रोज पाठीवर घेऊन फिरतोस व्हय? काय काय हाये यात?"

लॅपटॉप, त्याचा चार्जर, जास्तीचा चार्जर, डबा, बाटली आणि छत्री, असं मी सांगितलं.

"छत्री?" त्या इतक्या मोठ्यांदा हसल्या की पलीकडच्या टेबलांवरची डोकी वर आली. "अरे बाबा, इथं ढग रजेवर हायेत दोन वर्षं झाली. तू छत्री उघडलीस तर लोक बघायला जमतील. काढ ती आधी."

छत्री काढली. त्यांनी पुन्हा बॅग लटकवली, आकडा पाहिला आणि समाधानाने ती माझ्या हातात दिली. "आता बस. नाव काय म्हणालास?"

आमची कंपनी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत होती आणि पिकअप गाड्या बनवत होती. पुढे दोन-तीन माणसांची केबिन, मागे माल भरायचा उघडा हौदा, अशा गाड्या. त्या वर्षांत शहर चारी दिशांनी पसरत होतं. बीड बायपासच्या पलीकडे इमारती उठत होत्या, फुलंब्रीच्या रस्त्याला शेतांमध्ये प्लॉटच्या पाट्या लागत होत्या, आणि त्या सगळ्या पसाऱ्याला लागणारी भाजी, सिमेंट, फरशी, पाण्याचे जार, सगळं पिकअपवरून धावत होतं. दुसरीकडे पाऊस नव्हता. आमच्या कँटीनमध्ये ताटं धुवायला पाणी नको म्हणून पत्रावळी आल्या होत्या आणि आमटी त्यांच्यावरून थेट मांडीवर येत असे.

अशा दिवसांत कंपनीने ठरवलं की आपण विजेवरही आणि पेट्रोलवरही चालणारी पिकअप काढायची. घरी किंवा दुकानात प्लग लावून बॅटरी भरायची, जवळचं काम विजेवर करायचं आणि लांब जायचं झालं तर इंजिन चालू करायचं. ऐकायला सोपं. पण एका गाडीत दोन गाड्यांचं सामान कोंबायचं म्हणजे काय होतं ते पहिल्या महिन्यात कळलं. बॅटरी आहे, मोटर आहे, इंजिन आहे, पेट्रोलची टाकी आहे, सायलेन्सर आहे, या सगळ्यांना गार ठेवणारी यंत्रणा आहे. आणि जागा तेवढीच, टायर तेवढेच. बॅटरी जितकी मोठी तितकी गाडी जड, आणि गाडी जितकी जड तितका माल कमी. या भांडणाचा निवाडा करायचं काम सोळुंके ताईंकडे होतं. गाडीत काय कुठे बसणार आणि कोणी किती जड व्हायचं, हे त्यांचा विभाग ठरवत असे.

ताई मूळच्या देवगाव रंगारीच्या. घरची शेती. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, असं कोणीतरी सांगितलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. ऑफिसात बहुतेक जण त्यांना मॅडम म्हणत, कारखान्यात सगळे ताई म्हणत. मी सहा महिन्यांत मॅडमवरून ताईंवर आलो. परदेशातून पाहुणे आले की त्या इंग्रजी स्वच्छ बोलत, पण पाहुणे गाडीत बसून गेटबाहेर गेले की लगेच, "लई शिणले बाबा, चहा आण कोणीतरी" असं व्हायचं.

कोणीही नवीन कल्पना घेऊन त्यांच्याकडे गेलं की त्या शांतपणे ऐकून घेत. कागद पाहत. कौतुकही करत. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "चढवायचं काय ते कळलं. उतरवायचं काय?" गाडीत एक वस्तू वाढवायची तर तेवढ्या वजनाची दुसरी वस्तू तुम्ही स्वतः शोधून काढायची, हा त्यांचा नियम. उत्तर नसेल तर कागद परत. या प्रश्नाचा धसका इतका होता की लोक त्यांच्या दारातून अर्ध्यात परत फिरत.

मीही एकदा मोठ्या उमेदीने गेलो. मला बॅटरी मोठी हवी होती. गाडी विजेवर जितकी लांब जाईल तितकी चांगली, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. ताईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पिकअपवाला दिवसाला किती फिरतो?"

मी एका अहवालातला आकडा सांगितला.

"हे कागदावरचं झालं. तू कधी बसलायस त्यांच्या शेजारी? जा, आठवडाभर जाधववाडीच्या मंडईतून निघणाऱ्या गाड्यांत बस. मी सांगते साहेबांना."

तो आठवडा माझ्या शिक्षणातला सर्वांत चांगला आठवडा होता. पहाटे मंडईत भाजी भरायची, गुलमंडीच्या गल्ल्यांतून एकेका दुकानापाशी थांबत, हॉर्न आणि शिव्या खात फिरायचं, दुपारी सिडकोत कुणाचं कपाट पोचवायचं, संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन घरी. दिवसभर फिरूनही पल्ला फारसा नसायचा; वेळ जायचा तो थांबण्यात. पण अधूनमधून कुणाचा फोन यायचा, नाशिकला जायचंय, जळगावला जायचंय. तेव्हा गाडीवाला क्षणभरही विचार न करता हो म्हणायचा, कारण खरी कमाई त्या फेरीत होती.

परत येऊन मी हे सांगितलं तेव्हा ताईंनी टेबलावर थाप मारली. "हेच म्हणतेय मी. बॅटरी रोजच्या भाकरीपुरती ठेवायची. इंजिन पाहुण्यांसाठी. रोज पाहुण्यांचा स्वयंपाक करून कोण ठेवतं?"

माझी बॅटरी लहान झाली. मला चार दिवस वाईट वाटलं. पाचव्या दिवशी ताईंनी घरून धपाटी आणि दही आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "खा. बॅटरी गेली म्हणून माणसाने उपाशी राहायचं नसतं."

लहान झालेली बॅटरीही बसवायची कुठे, हा पुढचा तंटा. सर्वांत सोपी जागा हौद्याखाली. एक सलग पेटी, स्वस्त, मजबूत, गार ठेवायला सोपी. पण त्यामुळे हौद्याचा तळ चांगला वीतभर वर जात होता. ताईंना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, पेटीचे दोन भाग करा आणि चाकांच्या मधल्या जागेत दोन्ही बाजूंना लटकवा. त्यात तारा वाढत होत्या, खर्च वाढत होता, आणि कारखान्याचे प्रमुख असलेल्या मोठ्या साहेबांना खर्च वाढलेला आवडत नसे. मीटिंगवर मीटिंग झाली. प्रत्येक जण पडद्यावर आलेख दाखवत होता.

एका दुपारी जेवणानंतर ताईंनी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. तिथे त्यांनी सुताराकडून लाकडी हौदे करवून घेतले होते. एक बुटका, एक उंच. शेजारी कांद्याच्या गोण्यांची रास.

"चला साहेब," ताई मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "जेवण जिरवू. आधी उंच हौद्यात भरू, मग बुटक्यात."

मोठे साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ताई हसत नाहीयेत. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. आमच्या विक्री विभागाचे प्रमुख कीर्तने साहेब मात्र सावधपणे मागे सरकले. कीर्तने म्हणजे गोरेपान, नेहमी पांढराशुभ्र शर्ट, बोलण्यात साखर. ताईंनी त्यांना बरोबर हेरलं. "कीर्तने साहेब, तुम्ही विकणार ना गाडी? मग या इकडं."

उंच हौद्यापाशी गोणी छातीच्या वर न्यावी लागत होती. पहिल्या दोन गोण्या उत्साहात गेल्या. नंतर मोठे साहेब गोणी हौद्याच्या कडेला टेकवून तिथेच तिला मिठी मारून उभे राहिले. ना वर ढकलता येईना, ना खाली सोडता येईना. कीर्तन्यांच्या गोणीचं तोंड सुटलं आणि कांदे अंगणभर पळाले. बुटक्या हौद्यात मात्र तीच गोणी मांडीचा जोर लावला की आपोआप आत जात होती. ताई बाजूला उभ्या होत्या. फक्त घरंगळत आलेला एक कांदा उचलून त्यांनी कीर्तन्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब कमरेला पट्टा बांधून आले आणि दोन भागांच्या पेटीवर सही करून गेले.

कीर्तने साहेबांशी ताईंचा खरा सामना झाला तो घाटावरून. आमची पहिली नमुना गाडी तयार झाली होती. चालवायला शब्बीरभाई. पन्नाशीचे, दाढीला मेंदी लावलेले, गाडीचा आवाज ऐकून दुखणं सांगणारे. ताईंनी फर्मान काढलं की गाडीत पूर्ण वजनाची वाळूची पोती भरून कन्नडचा घाट चढायचा. मीही बरोबर गेलो. जाताना घाट उतरणीचा. उतारावर मोटर उलटी फिरून बॅटरी भरत होती आणि मी पडद्यावरचा वाढता आकडा सगळ्यांना दाखवत होतो.

"लई आनंद झाला ना?" ताई म्हणाल्या. "आता खाली चाळीसगावकडं फिरवून ती पार रिकामी करू. मग चढू."

"ताई, रिकामी कशाला? रिकामी बॅटरी घेऊन घाट कोण चढेल?"

"जळगावाहून परत येणारा चढेल. त्याला रस्त्यात कुठं प्लग मिळणार हाये?"

बॅटरी रिकामी केली. भर उन्हात चढायला लागलो. पहिल्या वळणापर्यंत इंजिनाने मान राखला. दुसऱ्या वळणाला त्याचा आवाज मोठा आणि वेग लहान झाला. लहान बॅटरीसाठी जागा करताना इंजिनही आम्ही लहान घेतलं होतं. बॅटरीची साथ असेल तर ते वाघ होतं, एकटं पडलं की मांजर. मागे ट्रकांची रांग लागली. हॉर्न सुरू झाले.

"मॅडम, ये गाडी नक्को बोल रई," शब्बीरभाई म्हणाले.

ताईंनी शांतपणे दार उघडलं आणि त्या चालत्या गाडीतून खाली उतरल्या. मग पदर खोचून गाडीच्या बाजूने चालायला लागल्या. गाडी आणि ताई बरोबरीने! खिडकीतून शब्बीरभाईंशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं का, हॉल कुठला घेतला, जेवायला काय. एका वळणावर ताई गाडीच्या पुढे गेल्या आणि कठड्यावर बसून आमची वाट पाहायला लागल्या. मागचा ट्रकवाला ओरडला, "ओ मावशी, त्यापेक्षा दोर बांधून ओढा की!" ताईंनी त्याला हात जोडले आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

वर पोचल्यावर मात्र हसू गेलं. त्या चहाच्या टपरीवर बसल्या. मग मला म्हणाल्या, "बॅटरीतला काही भाग घाटासाठी राखून ठेवायचा. चालवणाऱ्याने कितीही वापरली तरी त्याला हात लागता कामा नये. जमेल?"

"जमेल. पण मग विजेवरचा पल्ला कमी होईल."

"व्हय. कीर्तन्यांना मीच सांगते."

कीर्तने साहेब भडकले. पल्ल्याचा आकडा हाच तर जाहिरातीचा कणा होता. दुसऱ्या कंपनीचा आकडा मोठा आहे, आपण मागे पडू, सगळे श्रम वाया जातील, असं ते तळमळीने बोलले. ते खोटं बोलत नव्हते. गाडी विकली गेली नसती तर आमचा सगळा विभागच बंद होणार होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईंनी सगळं ऐकलं. "साहेब, सपाटीवर जाहिरात लई चांगली चालते. घाटात गाडी बंद पडली तर ती जाहिरात ढकलायला येती का?"

आकडा कमी झाला. कीर्तने साहेब पंधरा दिवस ताईंशी फक्त ईमेलवर बोलत होते.

त्या रागात त्यांनी एक गोष्ट मात्र हट्टाने मिळवली. केबिनच्या मागे, हौद्यावर, एक जाड चकचकीत स्टीलची कमान. तिचा उपयोग शून्य. पण फोटोत गाडी तिच्यामुळे बलदंड दिसते, असं त्यांचं मत. मोठ्या साहेबांनी दोघांचं मन राखायचं म्हणून ती मंजूर केली. त्या वजनासाठी ताईंनी काय उतरवलं? बाहेर वीज देणारा आमचा प्लग. गाडीच्या बॅटरीतून आणि इंजिनातून घरगुती उपकरणांना वीज देणारं एक यंत्र मी हौद्याशेजारी बसवलं होतं. त्यावर ड्रिल चालेल, दिवे चालतील, लहान पंप चालेल, अशी माझी कल्पना. ताई म्हणाल्या, "ही गाडी हाये का वीज केंद्र? माल वाहायचा सोडून वीज वाटत कोण बसणार? काढून टाका." नकाशावरून तो प्लग गेला. नमुना गाडीतून यंत्र उपसायला मात्र कुणाला वेळ झाला नव्हता.

गाडीच्या अंतिम परीक्षेच्या आठवडाभर आधी आम्ही गाडी घेऊन देवगाव रंगारीला गेलो. परीक्षेला मुख्य कार्यालयातून माणसं येणार होती आणि गाडी बनवायची की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. कीर्तने साहेबांना त्याआधी गावाकडचे फोटो हवे होते. कमान उन्हात चमकताना, मागे शेत, असे काहीतरी. ताई म्हणाल्या, "माझ्या गावाला चला." शब्बीरभाई, मी, ताई आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले कीर्तने.

शेत कुठे होतं? सगळीकडे ढेकळं. गावाबाहेर जनावरांची छावणी लागली होती. बांबूवर टाकलेल्या हिरव्या जाळ्या, खाली रांगेने बांधलेल्या गाई, बैल, म्हशी. ताईंचे धाकटे भाऊ भगवानराव छावणीचं काम पाहत होते. गाडी पाहून ते धावत आले, ते गाडीचं कौतुक करायला नव्हे.

"अक्का, डीपी जळाली कालपासून. बोअरला पाणी हाये, पण वर कसं काढू? टँकर यायचा होता, तोबी नाय आला. सकाळधरनं जनावरांच्या तोंडात थेंब नाय."

डीपी म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. आम्ही जनावरांच्या पाण्याच्या कुंड्यांकडे पाहिलं. कोरड्या. एक वासरू रिकाम्या कुंडीचा तळ चाटत होतं. जनावरं हंबरत नव्हती, हेच भयंकर होतं. सगळी गप्प उभी होती.

ताई माझ्याकडे वळल्या. "समीर, ते यंत्र हाये अजून गाडीत?"

"आहे."

"बोअरचा पंप चालेल त्याच्यावर?"

पंप लहान होता, घरगुती विजेवर चालणारा. तरी मला धाकधूक होती. पंप सुरू होताना क्षणभर भलती वीज ओढतो. मी तारा जोडल्या, बटण दाबलं. खट्! यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा खट्. भोवती माणसं जमली होती.

"ताई, यंत्राची सुरक्षा मर्यादा मला लॅपटॉपवरून वाढवता येईल. पण यंत्र जळू शकतं. त्याच्यामागून बॅटरीचं सगळं कंट्रोलच जाऊ शकतं. मग परीक्षेला दाखवायला गाडीच राहणार नाही."

मी हे बोललो तेव्हा कीर्तने साहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. दुसरी नमुना गाडी नव्हती. ताई त्या वासराकडे बघत होत्या. मला वाटतं, तीन वर्षांचं काम त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असेल. गेलं असेलच.

"वाढव," त्या म्हणाल्या. "जळाली तर माझ्या नावावर."

"आपल्या सगळ्यांच्या नावावर," हे कीर्तने साहेब म्हणाले. मी चमकून पाहिलं. त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढून सीटवर ठेवला होता.

मी मर्यादा वाढवली. शब्बीरभाईंनी इंजिन चालू केलं आणि काहीतरी पुटपुटले. बटण दाबलं. यंत्र थरथरलं, इंजिनाचा सूर खाली बसला, आता मरतंय असं वाटलं, आणि मग सूर सावरला. पाइप फुरफुरला. आधी हवा, मग लालसर गढूळ धार, मग स्वच्छ पाणी.

पुढचा दुपारभरचा सगळा प्रकार मी विसरूच शकत नाही. जनावरं दावी ताणायला लागली. भगवानराव ओरडत होते, माणसं बादल्या घेऊन पळत होती. पाइप लांबच्या कुंडीपर्यंत पोचत नव्हता, तेव्हा कीर्तने साहेबांनी तो डोक्यावर धरला आणि ते मधल्या चिखलात उभे राहिले. पांढऱ्या शर्टाचा रंग सांगता येत नव्हता. एका म्हशीने पाणी पिऊन झाल्यावर हौद्यावरून मान लांब करून ती चकचकीत कमान खालून वरपर्यंत सावकाश चाटली. कीर्तने बघत राहिले. मग म्हणाले, "चला, उपयोग झाला म्हणायचा." ताई हसून हसून गाडीच्या चाकाला टेकून खालीच बसल्या.

यंत्र जळलं नाही. संध्याकाळी टँकर आला तेव्हा कुंड्या भरलेल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी मुख्य कार्यालयाची माणसं समोर बसलेली असताना ताई उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या की वीज देणारा प्लग मी काढायला लावला होता, तो माझा निर्णय चुकीचा होता, आमच्या भागात तो प्लग गाडीइतकाच कामाचा आहे, आणि तो परत हवा. चूक सांगताना त्यांचा आवाज जराही खाली आला नाही. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून सांगावं, इतकं साधं.

मोठे साहेब गालात हसले. "मॅडम, चढवायचं काय ते कळलं. उतरवायचं काय?"

सगळी खोली हसली. ताई उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच कीर्तने साहेबांनी हात वर केला. "कमान. माझी कमान उतरवा. म्हशीला आवडली होती, पण म्हैस काही गाडी घेणार नाही."

गाडी मंजूर झाली. रस्त्यावर यायला आणखी काही वर्षं गेली, आणि तोवर ताई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषण करा म्हटल्यावर त्या दोन वाक्यं बोलल्या, दुसरं वाक्य रडण्यात गेलं, आणि मग त्यांनी सगळ्यांना स्वतः गुलाबजाम वाढले. मधे एकदा चांगला पाऊसही होऊन गेला.

त्यानंतर त्यांची गाठ पडली ती फुलंब्रीच्या बाजारात. त्यांचाच फोन आला होता, "मेथी लई भारी येतेय म्हणं तिकडं, चल." शहर तोवर त्या रस्त्याने इतकं सरकलं होतं की गाव कुठे लागतं ते कळत नसे. भाजी घेऊन निघालो तर रस्त्याकडेला आमची पिकअप उभी. हौद्यात टोमॅटोचे क्रेट, शेजारी तिशीतला मालक. ताईंनी त्याला गाठलं.

"कशी हाये रे गाडी?"

तो रंगात आला. गाडीची एकेक खुबी ताईंना समजावून सांगायला लागला, अगदी हळूहळू, वयस्कर बाईला समजेल अशी. ताई "व्हय का?" "अगं बाई!" म्हणत ऐकत होत्या. मी काही बोलणार होतो. त्यांनी मागे हात करून मला गप्प केलं.

"आन वाईट काय हाये गाडीत?"

"वाईट नाय तसं काय. पण काकू, ज्यानं ही गाडी बनवली ना, त्याच्या घरी शेळ्या नसणार."

"का बरं?"

"चार्जिंगचं झाकण मागं डाव्या अंगाला दिलंय. आमच्या गल्लीत गाडी उलटी घालता येत नाय, म्हणून वायर पार अंगणातनं खालून न्यावी लागती. शेळ्या चघळत्यात. एक वायर गेली, दुसरीबी कुरतडली."

ताईंचा चेहरा मी पाहत होतो. तो उजळला. त्याला दुसरा शब्द नाही. त्या गाडीच्या मागे गेल्या, वाकल्या, झाकण उघडलं, मिटलं, हाताने अंतर मापलं. ती जागा त्यांनीच ठरवली होती, मला चांगलं आठवत होतं. परत आल्या त्या जवळजवळ धावत.

"बाबा, घर कुठं तुझं?"

"हे काय, पलीकडं. का?"

"मला बघायचंय, तू वायर कशी लावतोस ते. नेतोस?"

तो गोंधळला, पण नाही म्हणाला नाही. ताईंनी मेथीची पिशवी माझ्या हातात कोंबली, "धर रे जरा" म्हणाल्या, आणि दार उघडून पुढच्या सीटवर चढल्या. गाडी विजेवर होती, आवाज न करता निघाली. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली आणि ताईंची भेट पुन्हा झाली नाही. ती मेथी आम्ही घरी खाल्ली. त्या दिवशी निघालेल्या गाडीच्या मागच्या काचेतून मला शेवटचं दिसलं ते एवढंच: ताई मालकाकडे वळून बसल्या होत्या आणि हात वरखाली करत शेळ्यांची उंची विचारत होत्या.